सॉक दर रविवारी बदलतो, तरी नायट्रेट ५० वरच अडकलंय

समुद्रफेस | ८ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथले धागे वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

गिरगावात राहतो, चाळीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे (३ × १.५ × १.५ फूट), खाली कपाटात दोन फुटी संप, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी. दगड-वाळू वजा जाता दोन्ही मिळून पाणी साधारण २०० लिटर. टाकीला चौदा महिने झाले. मासे म्हणजे दोन ओसेलारिस क्लाउन, पिवळ्या शेपटीची एक डॅम्सेल, शेवाळ खाणारी एक ब्लेनी, शिवाय क्लीनर श्रिंप ही एक कोळंबी. दगड अठरा किलो, तोही कोरडा आणून टाकीत मुरवलेला, म्हणजे त्यात बॅक्टेरिया वसू दिलेला. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाही, पंखे लावलेत, त्यामुळे सध्या पाणी २८ अंशांच्या आसपास असतं.

संपमध्ये वरून येणारं पाणी आधी सात इंची सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीत, पडतं. सॉक फेल्टचा (दाबलेल्या तंतूंच्या कापडाचा), १०० मायक्रॉनचा, म्हणजे छिद्रं एक दशांश मिलीमीटरची. तिथून स्किमरच्या (फेस करून पाण्यातली घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्यात, मग दोन काचांच्या मधे बसवलेल्या जाड स्पंजातून, पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाकडे.

आता अडचण. नायट्रेट (घाण कुजून शेवटी पाण्यात उरतं ते) ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, आणि गेले चार महिने तिथून हललेलं नाही. फॉस्फेट ०.३. दगडांवर केसाळ शेवाळ, समोरची काच दोन दिवसांत तपकिरी. सॉक दर रविवारी न चुकता बदलतो. पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलतो. खाणं दिवसातून दोनदा, मोजून. मासे खातात-पितात, पण क्लाउनची मादी हल्ली दुपारभर पाण्याच्या वरच्या थरातच राहते आणि ते बघून जीव थाऱ्यावर राहत नाही.

आणखी एक. बुधवार-गुरुवारपासून रात्री संपमधून गुळगुळ आवाज सुरू होतो. रविवारी सॉक बदलला की थांबतो. एकाच खोलीत सगळे झोपतो, म्हणून लक्षात आलं. याचा नायट्रेटशी काही संबंध असेल का?


मुलुंडकर | ८ जून, रात्री ११:४५

दोनच प्रश्न. तो जाड स्पंज शेवटचा कधी धुतलात? आणि स्किमरच्या कपात काय जमतं, घट्ट काळपट की पातळ?


समुद्रफेस | ९ जून, सकाळी ७:१०

स्पंज एकदाही काढलेला नाही. टाकी जिथून घेतली तिथे निक्षून सांगितलं होतं की बॅक्टेरिया स्पंजातच राहतात, हात लावलात तर टाकी कोसळेल. स्किमरमध्ये पूर्वी चांगलं काळपट हिरवं यायचं. गेल्या दोन-तीन महिन्यांत फिकट चहासारखं पाणी येतं आणि दीड दिवसात कप भरून वाहतो. म्हणून मी व्हॉल्व्ह मोकळा करून फेस खाली आणून ठेवलाय.


खारा_वारा | ९ जून, रात्री १०:०५

समुद्रफेस, तुम्ही सगळं नीट लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. चूक कुठे होतेय ते तुमच्याच वर्णनात आहे. सावकाश लिहितो.

आधी तो आवाज. १०० मायक्रॉनचा फेल्ट फार बारीक. तुमच्या टाकीत तो बुधवारपर्यंत भरतो. भरला की पाणी कापडातून न जाता सॉकच्या काठावरून खाली पडायला लागतं. गुळगुळ होते ती त्याची. म्हणजे बुधवार ते रविवार, आठवड्यातले चार दिवस, तुमचा सॉक काहीच गाळत नाही. अर्धवट खाल्लेले दाणे, विष्ठा, शेवाळाचे तुकडे, सगळं थेट पुढे. आणि पुढे अडवायला काय आहे? तो स्पंज.

चौदा महिने दर आठवड्याचे चार दिवस त्या स्पंजाने हे सगळं पोटात घेतलंय. केर काढावा, सुपलीत भरावा आणि सुपली घरातच ठेवावी, तसं झालंय. गाळणीत घाण दिसली की आपल्याला वाटतं ती पाण्यातून गेली. पण गाळणी पाण्यातच आहे, आणि टाकीचं सगळं पाणी दिवसरात्र तिच्यातूनच जातंय. तिथे अडकलेलं अन्न कुजतं, त्याचा अमोनिया होतो. बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेटपाशी गाडी थांबते, कारण पुढचं काम ज्या बॅक्टेरियांचं त्यांना ऑक्सिजन जवळजवळ नसलेली जागा लागते. ती दगडाच्या गाभ्यात थोडीफार मिळते, वाहत्या पाण्यातल्या स्पंजात पुरेशी मिळत नाही. फॉस्फेटही त्याच कुजण्यातून सुटतं. आणि २८ अंशांना हे सगळं भराभर होतं. मुंबईत उन्हाळ्यात वरण बाहेर राहिलं तर किती वेळ टिकतं ते आपण जाणतोच.

आता स्किमर. स्पंज तुंबला की पाणी अलीकडे, म्हणजे स्किमरच्या कप्प्यात, चढतं. स्किमर जास्त खोल पाण्यात उभा राहिला की त्याचा फेस ओला होतो आणि कपात पातळ पाणी येतं. तुम्हाला वाटलं स्किमर बिघडला, म्हणून तुम्ही त्याचा फेस उतरवलात. दोष स्किमरचा नव्हता. रिटर्नच्या कप्प्यात हल्ली पाणी कमी दिसतं का, पंप हवा ओढतो का, तेही बघा. दिसत असेल तर शंकाच नको.

मादी वर राहते त्याचं. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्यापेक्षा ऑक्सिजन कमी विरघळतो, गरम पाण्यात आणखी कमी. त्यात कुजणारा गाळ स्वतःसाठी ऑक्सिजन ओढतो. स्किमर हा टाकीत हवा मिसळणारा मोठा आधार, आणि तो तुम्ही मंद केलाय. आज रात्रीच पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वळवा आणि एका वेव्हमेकरचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा, पाणी चांगलं हललं पाहिजे.

बॅक्टेरियाची भीती खोटी नाही, पण तुमच्या टाकीला ती तशीच्या तशी लागू होत नाही. ज्या टाकीत दगड नाही आणि सगळी भिस्त एका स्पंजावर आहे, तिथे तो नळाखाली खसाखसा धुतला तर नळातला क्लोरिन बॅक्टेरिया मारतो आणि अमोनिया चढतो. तुमच्याकडे अठरा किलो मुरलेला दगड आहे. बॅक्टेरियांचं खरं घर ते. तरी चौदा महिन्यांची सवय एका दिवसात मोडू नका. असं करा:

पंप बंद करा. स्पंज सरळ वर ओढू नका, पिळला जाऊन सगळा गाळ संपमध्ये परत सुटेल. पाण्याखालीच एक डबा त्याच्याखाली सरकवा आणि डब्यासकट वर घ्या. बाहेर काढल्यावर कात्रीने मधोमध दोन तुकडे करा. एक तुकडा टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात बादलीत पिळून पिळून धुवा, दुसरा न धुता परत ठेवा. काचांच्या मधे तळाशी जो गाळ असेल तो नळीने उपसून घ्या, तोच वॉटर चेंज समजा. दोन आठवड्यांनी दुसरा तुकडा. मधे रोज अमोनिया तपासा. सगळं ठीक असेल तर महिन्याभराने स्पंज कायमचाच काढा, तुमच्या रचनेत त्याची गरज मला दिसत नाही.

पंप बंद केल्यावर वरचं पाणी संपमध्ये उतरतं, तेव्हा संपमध्ये तेवढी जागा आहे ना हे आधी बघून घ्या. चाळीत खालच्या मजल्यावर पाणी गेलं तर वेगळाच प्रसंग.

सॉकचं म्हणाल तर २०० मायक्रॉनचे घ्या, सहा-आठ नग एकदम, आणि आठवड्यातून तीनदा बदला. रविवार, मंगळवार, शुक्रवार. धुणं नंतर सवडीने. बदलणं मात्र वारावर झालं पाहिजे, आवाज येईपर्यंत थांबू नका. बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी छोट्या पंपाने किंवा मोठ्या पिचकारीने दगडांच्या फटींतून पाणी मारा. दगडांत बसलेला गाळ उडतो, रात्रभरात सॉकमध्ये येतो आणि सकाळी सॉकबरोबर घराबाहेर जातो.

शेवटचं, थोडं गणित. २०० लिटरमध्ये २० लिटर बदललं की ५० चं ४५ होतं. पंधरा दिवसांत ५ परत वाढतात, की पुन्हा ५०. चार महिने तुमचा आकडा हलला नाही तो म्हणून. आता गाळ निघाल्यावर वाढ कमी होईल, पण आधीचं साचलेलं उपसायला मोठी बादली लागेल. महिनाभर दर रविवारी ४० लिटर बदला. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर दर वेळी दीड किलोच्या आत मीठ लागेल. पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवा, क्षारता आणि तापमान टाकीशी जुळल्याशिवाय ओतू नका.


मुलुंडकर | ९ जून, रात्री १०:३०

खारा वारा यांनी माझं काम वाचवलं. संपूर्ण सहमत.


पार्ल्याची_शलाका | १० जून, दुपारी १:१५

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या चार फुटी टाकीत गेली तीन वर्षं सॉकच नाही.

नोकरीमुळे महिन्यातले आठ-दहा दिवस मी मुंबईबाहेर असते. घरी आई-बाबा आहेत, खाणं घालतात, पण त्यांनी संपमध्ये वाकावं हे मला नको. पाच दिवस न बदललेला सॉक काय करतो ते वर आलंच आहे. तेव्हा मी सॉक काढून टाकले. संपचा पहिला कप्पा मोठा आणि संथ ठेवलाय, गाळ तिथे खाली बसतो, आणि दर वॉटर चेंजला मी नळीने आधी तोच उपसते. स्किमर टाकीच्या मानाने एक माप मोठा आहे. नायट्रेट १० ते १५ मध्ये राहतं.

दुसरं कारण माझा मँडरिन मासा. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड टिपत असतो, त्याचं पोट त्यावरच. संपमधले आणि टाकीतले हे बारीक जीव सॉकमध्ये अडकून मरतात. सॉक काढल्यावर काही आठवड्यांत रात्री टॉर्च मारली की काचेवर पॉड दिसायला लागले आणि मँडरिन भरला.

पाणी मात्र सॉक असताना जितकं नितळ असायचं तितकं राहत नाही. बाजूने बघितलं की बारीक कण तरंगताना दिसतात.


खारा_वारा | १० जून, रात्री ९:४०

शलाकाताई, तुमची पद्धत पटली आणि मँडरिन असेल तर मीही तेच करेन. पहिला कप्पा तुम्ही उपसता, म्हणजे गाळ बाहेर जातोच आहे. काहीजण सॉक काढतात आणि उपसतही नाहीत. त्यांच्या संपच्या तळाशी बोटभर चिखल असतो.

समुद्रफेस यांच्या दोन फुटी संपमध्ये मात्र संथ कप्प्याला जागा नाही. त्यांनी सॉकच ठेवावा.


लालबागची_लाट | ११ जून, सकाळी ६:३०

सॉक धुण्यावर कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. चाळीत, मोजक्या पाण्यात आणि पावसाळ्यात सॉक धुणं हे टाकी सांभाळण्याइतकंच काम आहे.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी दीड तास. त्यात सॉकवर जोराची धार मारत बसणं मनाला पटत नाही. म्हणून आरओ युनिटमधून जे पाणी वाया जातं ते मी ड्रममध्ये धरते. ते पाणी कार्बन फिल्टरमधून गेलेलं असल्याने त्यातला क्लोरिन बहुतेक निघालेला असतो. सॉकचं पहिलं धुणं त्यातच.

सॉक काढला की लगेच उलटा करायचा, घाण बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. ओला असतानाच धुवायचा. एकदा घाण वाळली की फेल्टमध्ये घट्ट बसते आणि मग कितीही चोळा, निघत नाही. मी आधी ड्रमच्या पाण्यात दोनदा खळबळते, मग कपडे धुण्याच्या साध्या ब्रशने एकाच दिशेने घासते. उलटसुलट घासलं तर तंतू सुटतात.

असे तीन-चार सॉक जमले की ब्लीच. दहा लिटरच्या बादलीत साधारण अर्धा कप साधं ब्लीच, वासाचं किंवा फेसाचं अजिबात नाही. रात्रभर भिजवायचे. त्याने तंतूंमधला चिकट थर जातो, आणि सॉक लवकर तुंबण्याचं मूळ तोच थर असतो. सकाळी दोन पाण्यांतून काढायचे, मग अँटी-क्लोरिन घातलेल्या पाण्यात तासभर, मग परत एक साधं पाणी. नाकाशी धरून ब्लीचचा वास पूर्ण गेलाय याची खात्री करायची.

एक गोष्ट हात जोडून सांगते. ब्लीच ज्या बादलीत आहे तिच्यात व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास-बाथरूमचं ॲसिड चुकूनही जाऊ देऊ नका. क्लोरिन वायू निघतो. आपली न्हाणीघरं लहान, वारा नाही, त्यात कोपऱ्यात ॲसिडची बाटली ठेवलेली असते. पंप आणि स्किमरवरचा पांढरा चुन्याचा थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व लागतंच, ते काम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बादलीत.

वॉशिंग मशीनमध्ये धुणारेही आहेत. चालतं, पण साबणाचा खण आधी पूर्ण धुऊन घ्यायचा आणि एक फेरी नुसत्या पाण्याची, मशीन रिकामं ठेवून. साबणाचा, त्याहूनही सुवासिक कंडिशनरचा अंश सॉकमध्ये राहिला तर स्किमर वेड्यासारखा उसळतो. आमच्याकडे एकच मशीन आणि सासूबाईंचं सोवळं, म्हणून मी हातानेच धुते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर फेल्टचा सॉक वाळत नाही, दोन दिवसांनी कुबट वास येतो. नीट वाळणं महत्त्वाचं आहे, कारण उरलासुरला क्लोरिनही वाळताना उडून जातो. मी फ्रिजच्या मागच्या बाजूला तार बांधली आहे, तिथे उबेवर एका रात्रीत वाळतात. पावसाळ्यापुरते जाळीचे नायलॉन सॉक वापरले तर आणखी सोपं. फेल्टइतकं बारीक गाळत नाहीत, पण धुतात चटकन आणि तासाभरात कोरडे.

ब्लीच करूनही सॉकमधून पाणी लवकर उतरत नसेल तर तो टाकून द्या. त्याचा जीव संपला.


समुद्रफेस | ११ जून, सकाळी ८:००

लाटताई, फ्रिजमागची तार आजच बांधतो. आमच्याकडेही पाणी पहाटेच येतं, आरओचं पाणी मी आजवर सोडून देत होतो.


डॉ_गोरेगाव | ११ जून, रात्री १०:१०

सॉक घासण्यावरून आठवलं. हाताला जखम, चीर, नखाशी सोललेलं असेल तर हातमोजे घातल्याशिवाय संपमध्ये हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू मत्स्यटाक्यांत असतो. त्याला सुमारे ३० अंशांचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीराच्या थंड भागांवर, बोटांवर, कोपरावर गाठ किंवा न भरणारी जखम करतो. काही आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे टाकीशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही आणि साध्या अँटिबायोटिकने बरा होत नाही. उपचार महिनोन्महिने चालतात. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात मत्स्यटाकी आहे हे आपणहून सांगा.

हात घालण्याआधी पंप, हीटर, सगळं बंद. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज वाहते. टाकीच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, बाकीचं सामान नंतर घेता येईल.


चेंबूरचा_नवशिक्या | १२ जून, दुपारी ४:२०

हा सगळा गाळ खायला समुद्री काकडी ठेवली तर? वाळू स्वच्छ ठेवते असं वाचलंय. कोळीवाड्यातून कोणी आणून देईल का?


संपादक | १२ जून, संध्याकाळी ६:००

चेंबूरचा_नवशिक्या, प्रश्न विचारलात ते बरं झालं. समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून. त्याच यादीत कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडेही आहेत. आपल्या किनाऱ्यावरून काकडी, प्रवाळ किंवा प्रवाळ असलेला दगड उचलणं, विकत घेणं, बाळगणं हा गुन्हा आहे. कोणी आणून देतो म्हणाला तरी नको. इथे त्याबद्दल पुढे चर्चा करू नये.


खारा_वारा | १२ जून, रात्री ८:५०

संपादकांचं बरोबर. शिवाय काकडी बंद टाकीत घाबरली किंवा पंपात अडकून मेली तर विष सोडते आणि आख्खी टाकी दगावू शकते. वाळूसाठी लहान नासारियस गोगलगायी पुरतात. त्याही गाळ खातात आणि विष्ठा करतात, म्हणजे शेवटी उपसायचं काम आपलंच.

लहानपणी वडील मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ सालचं ते. काचेला नाक लावून तासन्‌तास उभा राहायचो, आणि घरी जाताना मला एकच प्रश्न पडायचा, की एवढ्या माशांची घाण जाते कुठे. चाळीस वर्षांनी अजून त्याच प्रश्नावर बसलोय.


बोरिवलीची_रीमा | १३ जून, सकाळी ११:०५

ज्यांच्याकडे संप नाही, कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) आहे, त्यांच्यासाठी लिहिते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. मी घरूनच काम करत होते. टाकीकडे लक्ष होतं, बॅटरीचा एअर पंप लावला, मासे ठीक होते. कॅनिस्टरचा विचारच डोक्यात आला नाही. आमच्याकडे वीज यायला कित्येक तास लागले. आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला, आणि पहिल्याच दमात काळसर पाणी टाकीत आलं. कुजक्या अंड्याचा वास घरभर. संध्याकाळपर्यंत माझी कोरल ब्यूटी ही मासोळी गेली. पाच वर्षं होती ती माझ्याकडे.

बंद डब्यात पाणी फिरायचं थांबलं की आतल्या बॅक्टेरियांनी काही तासांत ऑक्सिजन संपवलेला असतो, आणि जितका गाळ जास्त तितका लवकर. मी तेव्हा तो डबा दोन-दोन महिने उघडत नसे. आता दर दोन आठवड्यांनी उघडते, वरचा पांढरा फ्लॉस (गाळायचा कापूस) फेकते, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळते, बॅक्टेरियांच्या सिरॅमिक रिंगांना हात लावत नाही. आणि वीज तासाभरापेक्षा जास्त गेली तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवते. वीज आल्यावर आतलं पाणी ओतून, स्पंज धुऊन मगच सुरू करायचा.

फ्लॉस म्हणून उशीत भरायचा फायबर वापरणाऱ्यांनी त्यावर कसली प्रक्रिया केलेली नाही ना, हे बघून घ्यावं. आग न लागण्यासाठी किंवा सुगंधासाठी काही लावलेलं असेल तर तो टाकीत नको.


खारा_वारा | १३ जून, दुपारी ३:३०

रीमाताई, वाचून वाईट वाटलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या भागात दोन दिवस वीज नव्हती. माझ्याकडे त्या वेळी टाकीवर बसणारा टॉप फिल्टर होता. पहिल्या तासात मी एकच काम केलं, त्यातला सगळा कापूस काढून बाहेर टाकला. मग घरातल्या सगळ्यांनी पाळ्या लावून तांब्याने पाणी वर घेऊन उंचावरून सोडलं, रात्रभर. सहापैकी चार मासे वाचले. कापूस आत राहिला असता तर एकही वाचला नसता असं मला अजून वाटतं.


समुद्रफेस | १४ जून, रात्री ९:५५

आज स्पंज काढला.

डबा खाली सरकवूनच काढला, तरी हात लागल्या लागल्या तपकिरी ढग उठला. अर्धा तुकडा बादलीत पिळला. सहा वेळा पाणी बदललं तेव्हा कुठे स्पंजाचा मूळ निळा रंग दिसला. काचांच्या मधे तळाशी दोन बोटं गाळ होता, नळीने सगळा उपसला. रिटर्नच्या कप्प्यातली पातळी लगेच वर आली आणि स्किमरच्या कप्प्यातली चार बोटं उतरली, अगदी तुम्ही लिहिलं होतं तशी. ४० लिटर पाणी बदललं. जाळीचे २०० मायक्रॉनचे सहा सॉक क्रॉफर्ड मार्केटमधून आणले.

बायको म्हणाली, हे सगळं आपण एवढे दिवस त्यांना प्यायला लावत होतो. मला त्यावर बोलता आलं नाही.


समुद्रफेस | १७ जून, रात्री ११:१५

तीन दिवस अमोनिया तपासला, शून्य. स्किमरचा व्हॉल्व्ह मूळ जागी आणला. आज कपात पहिल्यांदा घट्ट, काळं आलं, घाण वास आहे. मादी खाली आली आहे.


पार्ल्याची_शलाका | १७ जून, रात्री ११:३०

मादी खाली आली हे वाचून खूप बरं वाटलं.


समुद्रफेस | १२ जुलै, रात्री १०:२०

स्पंजाचा दुसरा तुकडा २८ जूनला धुतला आणि आज दोन्ही तुकडे काढूनच टाकले. नायट्रेट २५. फॉस्फेट मात्र ०.३ वरून जेमतेम ०.२२ वर. सॉक रविवार, मंगळवार, शुक्रवार. आता रात्री आवाज नाही. केसाळ शेवाळ हाताने उपटतोय, नवीन कमी येतंय. फॉस्फेट एवढं हळू का?


खारा_वारा | १३ जुलै, सकाळी ७:४५

दगड फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यातलं कमी झालं की दगडातलं हळूहळू सुटतं, म्हणून महिने लागतात. घाईने फॉस्फेट काढणारं औषध भरमसाट टाकू नका.

आणि नायट्रेट १० च्या आसपास आलं की तिथेच राहू द्या. ते आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं तर डायनोफ्लॅजलेट या सूक्ष्म जिवांचा तपकिरी, बुडबुडेवाला चिकट थर येऊ शकतो, आणि तो केसाळ शेवाळापेक्षा चिवट. १० च्या जवळ आलात की पाणी बदलणं आठवड्याला २० लिटरवर आणा. सॉकचे वार मात्र तेच ठेवा.


समुद्रफेस | २८ जुलै, रात्री ११:००

रविवारी तपासलं, नायट्रेट १५ आणि २० च्या मधे, टेस्ट किटचा रंग नेमका जुळत नाही. फॉस्फेट ०.१८. दोन दिवस बाहेर पाऊस कोसळतोय, पण धुतलेले चारही सॉक फ्रिजमागे कोरडे आहेत. आज मंगळवार, पाचवा आत्ताच लावला. काल संध्याकाळी दगडांवर पाणी मारलं होतं, त्यामुळे काढलेला सॉक चांगलाच जड होता. दोन्ही क्लाउन डाव्या कोपऱ्यातला दगड तोंडाने साफ करतायत. अंडी घालणार असतील तर त्याचा धागा वेगळा काढतो.